नौसैनिकाचे वजन

एखाद्या तरुणाचे वजन उंचीच्या मानाने ठरलेल्या आकड्याहून अधिक भरले, की तो स्थूल आहे, असे चटकन म्हटले जाते. पण काट्याला केवळ भार कळतो. त्यात स्नायू किती आणि चरबी किती, हे कळत नाही. नौदलात तर या भेदावर माणसाची नोकरी आणि प्रसंगी त्याचे प्राणही अवलंबून असतात.

खोल पाण्यात उतरणाऱ्या पाणबुड्याच्या शरीरात, दाबामुळे, हवेतील नायट्रोजन विरघळतो. पाण्यापेक्षा चरबीत तो सुमारे पाचपट विरघळतो, आणि माणूस घाईने वर आला तर त्याचे बुडबुडे होऊन जिवावर बेतते. म्हणूनच कोणाच्या अंगी चरबी किती, हा प्रश्न अमेरिकी नौदलातील डॉक्टर आल्बर्ट बेन्के यांना महत्त्वाचा वाटला. त्यांनी आर्किमिडीजच्या सिद्धान्ताचा आश्रय घेतला. चरबी पाण्याहून हलकी, स्नायू आणि हाडे जड. तेव्हा माणसाला आधी हवेत आणि मग पाण्याखाली तोलले, की त्याच्या देहाची घनता समजते. १९४२ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २५ व्यावसायिक फुटबॉलपटूंची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांतील १७ जण तक्त्याप्रमाणे फाजील वजनाचे, म्हणून लष्करी सेवेस अपात्र ठरत होते. पाण्याने निराळी साक्ष दिली: त्यांतील अनेकांचे जादा वजन चरबीचे नसून स्नायूंचे होते.

काट्याची उलट चूकही संभवते, आणि तिचे उदाहरण पुण्याचे आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मापे दिली. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, परंतु चरबी युडकिन यांच्या अंगी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या अंगी २१.२ टक्के. सडपातळ भारतीय देहातही मधुमेहाला आमंत्रण देणारी चरबी दडलेली असू शकते, ती अशी.

जहाजावर पाण्याची टाकी कोठून आणावी? १९८४ साली अमेरिकी नौदलाच्या संशोधकांनी मान, कंबर आणि उंची यांवरून पुरुषांच्या चरबीचा अंदाज बांधणारे सूत्र दिले. साधी मोजपट्टी त्यास पुरते. भारतीय पुरुषाने तर कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत राखावा, असे तज्ज्ञ सांगतात. मालवणचा पोरगा आरमारात जावो वा कचेरीत, काट्यासोबत ही पट्टीही त्याने जवळ बाळगावी.