मीटिंगमध्ये आधी कोण बोलणार?

लोकलमध्ये, बसमध्ये किंवा जेवणाच्या सुट्टीत ऐकत असाल, तर आजचा विषय तुमच्या रोजच्या ओळखीचा आहे. ऑफिसची मीटिंग! दहा जण बसलेत, तासभर चाललीय, आणि बोलतायत फक्त दोघं.

आधी साधा हिशोब करू. दहा माणसं गुणिले एक तास म्हणजे दहा तास. एका माणसाच्या दिवसभराच्या कामापेक्षाही जास्त. एवढा वेळ घालून दोघांचंच म्हणणं ऐकायचं असेल, तर बाकीच्या आठ जणांना बोलावलंच कशाला?

आता समजा, मॅनेजर सुरुवातीलाच म्हणाले, "मला वाटतं शुक्रवारी ॲप लाइव्ह करूया. कुणाला काही अडचण?" टेस्टिंग करणारी मुलगी तीन महिन्यांपूर्वी जॉइन झालेली. जुन्या फोनवर पेमेंटचं पान अडकतं हे तिने पाहिलंय. पण साहेबांचं ठरलेलं दिसतंय, सगळे माना डोलावतायत. ती गप्प बसते. सोमवारी तक्रारी येतात आणि तिलाच विचारलं जातं, "आधी का नाही सांगितलंस?"

मला विचाराल तर दोष तिच्या स्वभावाचा नाही, बोलण्याच्या क्रमाचा आहे. मोठ्या माणसाने मत आधी सांगितलं की पुढचं प्रत्येक वेगळं मत विरोध वाटायला लागतं.

यावरचा उपाय कुठे सापडतो माहितीये? चक्क लष्करात! आपल्याकडे कोर्ट मार्शलमध्ये निकाल ठरवताना सदस्यांची मतं हुद्द्याने सगळ्यात कनिष्ठ असलेल्या सदस्यापासून घेतली जातात. जिथे हुद्द्याला सर्वात जास्त मान, तिथेच हा नियम. कारण वरिष्ठांचं मत ऐकल्यावर कनिष्ठाला मोकळेपणाने बोलणं जड जातं. म्हणजे ज्युनियरने आधी बोलण्यात सीनियरचा अपमान नाही. उलट, सीनियरला खरं काय ते कळतं.

अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात न्यायाधीश बंद दाराआड चर्चा करतात, तेव्हा ते ज्येष्ठतेनुसारच बोलतात. पण तिथे एक प्रथा आहे: सगळ्यांचं एकदा बोलून झाल्याशिवाय कुणीही दुसऱ्यांदा बोलायचं नाही. आपल्या टीमलाही हे सहज जमेल, नाही का?

याला संशोधनाचाही आधार आहे. 2010 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अनिता वूली आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. 699 लोकांना छोट्या गटांत कामं दिली होती. ज्या गटांत मोजक्याच लोकांनी बोलण्याचा ताबा घेतला, ते गट एकंदरीत मागे पडले. गटात एखादा फार हुशार माणूस असणं तेवढं उपयोगी ठरलं नाही.

मग करायचं काय? तुम्ही मीटिंग घेत असाल, तर प्रश्न आदल्या दिवशीच मेसेज करा. नवख्याला अचानक नाव घेऊन विचारलं, तर ती तोंडी परीक्षा होते. मीटिंगमध्ये सुरुवात सगळ्यात नव्या माणसापासून करा आणि आपलं मत शेवटी सांगा. कुणी मध्येच तोडलं, तर शांतपणे म्हणा, "तिचं पूर्ण होऊ दे, मग तुमचं ऐकू." आणि नुसती माहितीच द्यायची असेल, तर मीटिंग नको, मेसेज पुरे.

तुम्ही ज्युनियर असाल, तर "हे चुकतंय" म्हणण्याऐवजी "सर, ठरवण्याआधी एक माहिती द्यायची होती" असं म्हणून बघा. माहिती ऐकून घेणं कुणालाही सोपं जातं.

हो, सर्व्हर बंद पडलाय आणि ग्राहक खोळंबलेत, अशा वेळी सगळ्यांची मतं घेत बसू नका. तिथे एकाने सांगावं, बाकीच्यांनी करावं.

पुढच्या मीटिंगमध्ये एकच गोष्ट मोजा: किती जण आले आणि किती जण बोलले. आकडा काय आला, मला नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!