निवडक गाणी, चौघांचा वाटा

आज आपण गाण्यांच्या एका अल्बमविषयी बोलणार आहोत. गाणी इंग्रजी आहेत आणि बँड इंग्लंडचा. बचत गटाच्या कार्यक्रमात हे कुठून आलं, असं तुम्ही म्हणाल. पण गोष्ट आपल्या ओळखीची आहे. चार जणांनी मिळून काम उभं केलं, नाव झालं, पैसा आला, आणि मग कुणाचा वाटा किती यावरून कुरबूर सुरू झाली.

बँडचं नाव क्वीन, म्हणजे राणी. नाव राणीचं असलं तरी चौघेही पुरुष. फ्रेडी मर्क्युरी गायचे आणि पियानो वाजवायचे, ब्रायन मे गिटारवर, जॉन डीकन बेस गिटारवर आणि रॉजर टेलर ड्रमवर. त्यांच्या संगीताला हार्ड रॉक म्हणतात. विजेवरच्या गिटारचा मोठा आवाज, जोरकस ड्रम आणि मोकळ्या गळ्याचं गाणं. मिरवणुकीत ढोल-ताशा छातीत घुमतो ना, तसा हाही घुमतो.

यातल्या फ्रेडींचं आपल्या सातारा जिल्ह्याशी नातं आहे. त्यांचं मूळ नाव फारोख बलसारा, घर पारशी. जन्म १९४६ चा, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या झांझिबार बेटावरचा. आईवडिलांनी त्यांना शिकायला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत ठेवलं. तिथं ते पियानो शिकले आणि शाळेतल्या मित्रांबरोबर त्यांनी पहिला बँड काढला. १९६४ मध्ये घरची मंडळी इंग्लंडला गेली आणि १९७० मध्ये तिथं क्वीन सुरू झाला.

आता अल्बमकडे येऊ. कॅसेटच्या दिवसांत निवडक भक्तिगीतांची किंवा निवडक लावण्यांची कॅसेट मिळायची, आठवतं? वेगवेगळ्या वेळी गाजलेली गाणी एकाच ठिकाणी. इंग्रजीत अशा संग्रहाला ग्रेटेस्ट हिट्स म्हणतात. क्वीनचा असा संग्रह १९८१ मध्ये निघाला. इंग्लंडच्या आवृत्तीत १९७४ पासून १९८० पर्यंत गाजलेली १७ गाणी होती. इतर देशांच्या आवृत्त्यांमध्ये यादी थोडी वेगळी होती, कारण प्रत्येक ठिकाणी वेगळं गाणं गाजलेलं असतं. ब्रिटनमध्ये आजवर सर्वांत जास्त खपलेला अल्बम हाच. २०२२ मध्ये विक्री आणि ऑनलाइन ऐकणं मिळून त्याने तिथं ७० लाखांचा टप्पा ओलांडला.

अशा संग्रहाचं गणित समजून घ्या. गाणी आधीच रेकॉर्ड झालेली असतात, त्यामुळे स्टुडिओचा मोठा खर्च पुन्हा होत नाही. कोणतं गाणं लोकांना आवडतं हेही माहीत असतं. म्हणजे आधीच्या सहा-सात वर्षांच्या कष्टाचं पीक एकदम पदरात पडतं. आणि वाटणीचा प्रश्नही तेव्हाच मोठा होतो.

ते कष्ट कसे होते तेही सांगतो. ब्रायन मे यांच्याकडे महागडी गिटार घ्यायला पैसे नव्हते. त्यांनी आणि त्यांच्या वडिलांनी घरातच गिटार बनवली. लाकूड एका जुन्या शेकोटीच्या चौकटीचं, स्प्रिंगा मोटारसायकलच्या आणि एका दांडीच्या टोकाला आईच्या विणकामाच्या सुईचा तुकडा. पुढे जगभर गाजलेली गाणी त्यांनी याच गिटारवर वाजवली.

त्यांचं सर्वांत प्रसिद्ध गाणं, बोहेमियन ऱ्हॅप्सडी, १९७५ चं. ते जवळजवळ सहा मिनिटांचं आहे. एवढं लांब गाणं रेडिओवाले लावणार नाहीत, असं व्यवसायातल्या लोकांचं म्हणणं पडलं. पण लंडनमधल्या रेडिओवर केनी एव्हरेट नावाच्या निवेदकाने ते पुन्हा पुन्हा वाजवलं, लोक ते मागायला लागले, आणि मग ते नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. रेडिओची ताकद आपण जाणतोच, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

अल्बममधलं आणखी एक गाणं, वी विल रॉक यू, तुम्ही क्रिकेटच्या मैदानावर ऐकलं असेल. दोनदा पाय आपटायचे, एक टाळी वाजवायची. हा ताल ब्रायन मे यांनी ऐकणाऱ्यांनाही गाण्यात सामील होता यावं म्हणून रचला. झिम्मा खेळणाऱ्या बाईला तो शिकवावा लागत नाही.

आता वाट्याकडे. गाण्याच्या विक्रीतून दोन वेगवेगळे पैसे येतात. एक, गाणं ज्याने रचलं त्याचे. दुसरे, ज्यांनी ते गायलं-वाजवलं त्यांचे. या १७ गाण्यांपैकी १० फ्रेडींच्या नावावर आहेत, ५ ब्रायन मे यांच्या, २ जॉन डीकन यांच्या. रॉजर टेलर यांच्या नावावर एकही नाही. ड्रम त्यांचेच, बोहेमियन ऱ्हॅप्सडीतला सर्वांत वरच्या पट्टीचा आवाजही त्यांचाच. वाजवणाऱ्याचे पैसे त्यांना होते, पण या संग्रहात रचनेचा वाटा नव्हता.

उलटंही घडलं होतं. तेव्हा एकेक गाणं तबकडीवर विकलं जायचं आणि तबकडीला दोन बाजू. लोक विकत घ्यायचे गाजलेल्या बाजूसाठी, पण रचनेचे पैसे दोन्ही बाजूंना सारखे. बोहेमियन ऱ्हॅप्सडीच्या मागच्या बाजूला रॉजर यांचं एक गाणं होतं. त्यामुळे त्या तबकडीवर त्यांना फ्रेडींइतकेच रचनेचे पैसे मिळाले. यावरून बँडमध्ये बरीच वर्षं धुसफूस राहिली. कोणतं गाणं पुढे काढायचं, मागे कुणाचं लावायचं, प्रत्येक वेळी ओढाताण. गाणं चांगलं की माझं, असा प्रश्न व्हायचा.

शेवटी १९८९ च्या द मिरॅकल या अल्बमपासून त्यांनी ठरवलं की गाणं कुणीही सुचवो, नाव क्वीनचं लागेल आणि वाटा चौघांचा सारखा. दोनच वर्षांनी, नोव्हेंबर १९९१ मध्ये, फ्रेडी एड्सच्या आजारात गेले. त्यांच्या मागे बोहेमियन ऱ्हॅप्सडी पुन्हा काढलं गेलं, पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि त्याचे पैसे एड्सच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थेला दिले गेले. रॉजर यांचीही कसर भरून निघाली. रेडिओवरच्या प्रेमापोटी त्यांनी रचलेलं रेडिओ गा गा १९८४ मध्ये गाजलं आणि १९९१ च्या दुसऱ्या संग्रहात आलं.

मैत्रिणींनो, आपल्याकडे हे कुठे लागू होतं? गटाचा मसाला चालतो तेव्हा त्यात एकीचं प्रमाण असतं, दुसरीचं दळण-कांडण असतं, तिसरी बाजारात उभी राहते, चौथी वही सांभाळते. ऑर्डर लहान असते तोवर कुणी बोलत नाही. मोठी ऑर्डर आली की प्रमाण सांगणारी म्हणते, मसाला माझा. कांडणारी म्हणते, हात माझे. दोघीही खरं बोलतात. म्हणून वाटा भांडणानंतर ठरवू नये. कल्पनेला काही वेगळं द्यायचं की सगळ्यांना समान, हे ऑर्डर घेण्याआधी बैठकीत बोलावं, ठराव लिहावा आणि सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. दोन्ही पद्धती चालतात. न बोललेली पद्धत मात्र चालत नाही.

नावाचंही तसंच. आपल्या आजींच्या जात्यावरच्या ओव्या कुणी मोबाईलवर रेकॉर्ड करायला आलं, तर आधी विचारा की हे कुठे लावणार, आणि आजींचं आणि गावाचं नाव सांगणार का. आजी संकोचाने नाही विचारणार. आपण विचारायचं.

पुढच्या बैठकीत एक काम करा. गटाच्या प्रत्येक वस्तूसमोर लिहा: कल्पना कुणाची, कष्ट कुणाचे, भांडवल कुणाचं. पान भरलं की मोठ्याने वाचा. जिचं नाव कुठेच आलं नाही, तिला आधी बोलू द्या. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.