मोटारीचे मागील डिस्क ब्रेक

मोटारीच्या मागील चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती (डिस्क) दोन्ही बाजूंच्या घर्षणपट्ट्यांच्या (पॅड) चिमटीत धरून वेग कमी करणाऱ्या यंत्रणेस मागील डिस्क ब्रेक असे म्हणतात. डिस्क व पॅड हे दोन्ही झिजणारे भाग असून ठरावीक मर्यादेपर्यंत झिजल्यावर ते बदलावे लागतात. हे काम सामान्यतः गॅरेजमध्ये केले जाते. मात्र योग्य हत्यारे आणि त्या मोटारीची दुरुस्ती-पुस्तिका हाताशी असल्यास ते घरीही करता येते. पुढील चाकांच्या तुलनेत मागील चाकांवरील काम अधिक गुंतागुंतीचे असते, कारण बहुतेक मोटारींचा हँडब्रेक मागील चाकांवर चालतो. पुणे जिल्ह्यातील भोसरी–पिंपरी-चिंचवड–चाकण हा औद्योगिक पट्टा मोटारींची निर्मिती, सुटे भाग व त्यांची चाचणी या तिन्ही अंगांनी या विषयाशी निगडित आहे.

पार्श्वभूमी

डिस्क ब्रेकचे पहिले महत्त्वाचे एकस्व (पेटंट) इंग्लंडमधील अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर याने १९०२ मध्ये घेतले. तथापि, पुढील अर्धशतक मोटारींवर ड्रम ब्रेकच प्रचलित राहिले. १९५३ मध्ये डिस्क ब्रेक बसविलेल्या जॅग्वार सी-टाइप मोटारीने फ्रान्समधील ल मां येथील २४ तासांची शर्यत जिंकली आणि या ब्रेकची उपयुक्तता सर्वांच्या लक्षात आली. १९५५ च्या सित्रोएन डीएस या मोठ्या संख्येने बनलेल्या मोटारीस पुढील चाकांवर डिस्क ब्रेक होते.

भारतात पुढे डिस्क आणि मागे ड्रम ही जोडणी दीर्घकाळ रूढ आहे. पिंपरी येथे तयार झालेल्या टाटा इंडिका (१९९८) या मोटारीत हीच रचना होती. चाकण येथील कारखान्यात बनलेल्या महिंद्रा एक्सयूव्ही ५०० (२०११) या मोटारीस मात्र चारही चाकांवर डिस्क ब्रेक होते. त्याच चाकणमध्ये तयार होणाऱ्या व २०२१ मध्ये बाजारात आलेल्या श्कोडा कुशाक आणि फोक्सवॅगन टायगुन यांच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत मागे ड्रम ब्रेकच ठेवण्यात आले. त्यामुळे मोटार नवी आहे किंवा महाग आहे एवढ्यावरून तिच्या मागील ब्रेकचा प्रकार ठरविता येत नाही. चाकाच्या आऱ्यांमधून पाहून किंवा पुस्तिकेतून तो निश्चित करावा लागतो.

रचना व कार्य

डिस्क सामान्यतः बिडाची (ओतीव लोखंडाची) असते व ती चाकाच्या हबवर बसते. तिच्या कडेवर घोड्याच्या नालासारखे कॅलिपर असते. पेडल दाबल्यावर मास्टर सिलिंडरमधील ब्रेक ऑइलवर दाब येतो. बंदिस्त द्रवातील दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो या पास्कलच्या नियमानुसार तो कॅलिपरमधील पिस्टनपर्यंत जातो आणि आतील पॅड डिस्कवर दाबला जातो. सरकत्या कॅलिपरमध्ये पिस्टन एकाच बाजूला असतो. त्याच्या प्रतिक्रियेने संपूर्ण कॅलिपर मार्गदर्शक पिनांवर सरकते व बाहेरील पॅडही डिस्कला भिडतो.

या घर्षणात मोटारीच्या गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. १,२०० किलोग्रॅम वस्तुमानाची मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिची गतिज ऊर्जा सुमारे १६७ किलोज्यूल असते. ताशी ८० किलोमीटरला ती सुमारे २९६ किलोज्यूल होते. वेग एक-तृतीयांशाने वाढला तरी ऊर्जा जवळजवळ पावणेदोन पट होते.

ब्रेक लागताच मोटारीचा भार पुढच्या चाकांवर सरकतो. त्यामुळे ब्रेकचे बहुतांश काम पुढील चाके करतात, आणि मागील डिस्क आकाराने लहान, कमी जाडीची व पुष्कळदा भरीव असते. तरीही मागील ब्रेक गौण ठरत नाहीत. मोटारीचा समतोल राखणे आणि थांबलेली मोटार जागेवर धरून ठेवणे ही कामे त्यांच्याकडे असतात. स्थिरता-नियंत्रणाची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असलेल्या काही मोटारींत मागील पॅड पुढच्यांपेक्षा लवकर झिजलेलेही आढळतात.

हँडब्रेकचे प्रकार

मागील डिस्क ब्रेकमध्ये हँडब्रेकच्या मुख्यतः तीन रचना आढळतात.

स्क्रूचा पिस्टन: हँडब्रेकची केबल कॅलिपरवरील तरफ ओढते आणि आतील स्क्रूची यंत्रणा पिस्टन बाहेर ढकलते. पॅड झिजत जातात तसा हा पिस्टन आपोआप पुढे येऊन अंतर भरून काढतो. तो मागे नेताना दाबाबरोबर फिरवावाही लागतो.

विद्युत हँडब्रेक: कॅलिपरवर बसविलेली छोटी मोटर पिस्टनमागील स्क्रू फिरवते. पॅड बदलण्यापूर्वी संगणकीय स्कॅनरद्वारे किंवा पुस्तिकेत दिलेल्या क्रमाने ही यंत्रणा दुरुस्ती-स्थितीत न्यावी लागते.

डिस्कमधील ड्रम: डिस्कच्या मधल्या टोपीसारख्या भागात लहान ड्रम असून त्यात हँडब्रेकचे स्वतंत्र लायनर असतात. येथे कॅलिपरचा पिस्टन साधाच असतो. परंतु डिस्क काढण्यापूर्वी लायनर सैल करावे लागतात आणि नंतर त्यांचे अंतर पुन्हा जुळवावे लागते.

यांपैकी कोणती रचना आहे हे न ओळखता काम सुरू करणे, हे मागील ब्रेकच्या दुरुस्तीतील बिघाडाचे एक प्रमुख कारण असते. पुढील चाकावर चालणारी पद्धत वापरून, म्हणजे शिकंजा लावून स्क्रूचा पिस्टन सरळ दाबला, तर आतील यंत्रणा तुटते आणि पूर्ण कॅलिपर बदलावे लागते.

झीज व लक्षणे

नव्या पॅडवरील घर्षणद्रव्याची जाडी साधारणतः १० मिलिमीटरच्या आसपास असते. ती २ ते ३ मिलिमीटर उरली की पॅड बदलण्यायोग्य मानले जातात. अनेक पॅडना सूचक पत्रा असतो. मर्यादा जवळ आली की तो डिस्कला घासून चिरका आवाज करतो. काही मोटारींत विद्युत संवेदक असतो व डॅशबोर्डवर दिवा लागतो.

डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्याच कडेवर किंवा टोपीवर कोरलेली असते. नवी व किमान जाडी यांतील फरक अनेकदा केवळ १ ते २ मिलिमीटर असतो. मापन मायक्रोमीटरने, पॅड फिरतो त्या पट्ट्यात केले जाते. कडेला न झिजलेला उंचवटा राहत असल्याने साध्या कॅलिपरने घेतलेले माप फसवे येते. लेथवर डिस्क घासून सपाट करण्याची पद्धत गॅरेजांत प्रचलित आहे, परंतु पातळ मागील डिस्कमध्ये त्यासाठी पुरेशी जाडी क्वचितच शिल्लक असते.

पश्चिम महाराष्ट्रातील पावसाळ्यात उभ्या मोटारीच्या डिस्कवर एका रात्रीत गंजाचा तांबूस थर येतो. तो पृष्ठभागापुरता असून पहिल्या काही ब्रेकमध्ये निघून जातो. मोटार अनेक दिवस हँडब्रेक लावून ओलाव्यात उभी राहिल्यास मात्र पॅड डिस्कला चिकटू शकतात व डिस्कवर खोल खड्डे पडतात. मार्गदर्शक पिना अडकल्यास एका बाजूचा पॅड दुसऱ्यापेक्षा बराच जास्त झिजतो. अशा वेळी केवळ पॅड बदलून मूळ दोष जात नाही.

बदलण्याची प्रक्रिया

डिस्क व पॅड नेहमी एकाच आसाच्या दोन्ही चाकांवर एकत्र बदलले जातात. अन्यथा ब्रेक लावताना मोटार एका बाजूला ओढली जाऊ शकते. नव्या डिस्कवर जुने पॅड बसवीत नाहीत.

पूर्वतयारी: मागील बाजू उचलताना एक विशेष अडचण असते. कामासाठी हँडब्रेक सोडलेला असावा लागतो, म्हणजे मोटार जागेवर धरणारे नेहमीचे साधन उपलब्ध नसते. म्हणून मोटार सपाट व टणक जागी उभी करून, गिअरमध्ये ठेवून, पुढील दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे लावले जातात. पेव्हर ब्लॉक किंवा मातीवर जॅक खचू शकतो; त्याखाली जाड फळी ठेवली जाते. चाकाचे नट मोटार जमिनीवर असतानाच थोडे सैल केले जातात. उचललेला भार जॅकवर न ठेवता उत्पादकाने दाखविलेल्या जागी लोखंडी स्टँडवर घेतला जातो. विटा किंवा दगड भाराखाली अचानक फुटू शकतात, म्हणून त्यांचा वापर धोकादायक असतो.

जुने भाग काढणे: चाक काढल्यावर कॅलिपरचे बोल्ट सोडून ते बाजूला घेतले जाते व तारेने स्प्रिंगला टांगले जाते. रबरी नळीवर कॅलिपर लोंबकळल्यास नळीला आतून इजा होऊ शकते. एबीएस संवेदकाची वायर ताणली जाणार नाही हेही पाहिले जाते. नंतर पॅड, कॅलिपरचा कंस आणि डिस्क धरणारा लहान स्क्रू काढतात. गंजाने धरलेली डिस्क हातोड्याने ठोकण्यापेक्षा, तिच्यात आट्यांची छिद्रे असल्यास त्यांत बोल्ट आळीपाळीने आवळून सुटी केली जाते.

पिस्टन मागे नेणे: स्क्रूच्या पिस्टनसाठी त्याच्या खाचांत बसणारे फिरवण्याचे हत्यार वापरतात. फिरवण्याची दिशा बहुतेक वेळा घड्याळाच्या काट्याप्रमाणे असते, परंतु काही मोटारींत डाव्या व उजव्या बाजूंची दिशा परस्परविरुद्ध असते. काही पॅडच्या पाठीवर छोटी खुंटी असते. ती पिस्टनच्या खाचेत बसेल अशा कोनात पिस्टन थांबवावा लागतो. पिस्टन मागे जाताना ऑइल टाकीत परत येते. टाकी काठोकाठ भरलेली असल्यास ते सांडते आणि मोटारीच्या रंगाची हानी करते. ऑइलची नळी उघडली नसेल, तर यंत्रणेतील हवा काढण्याची गरज सहसा पडत नाही.

नवी जोडणी: हबचा पृष्ठभाग वायर ब्रशने पूर्ण स्वच्छ केला जातो. हबवर राहिलेला गंजाचा कण नगण्य वाटला तरी त्यामुळे होणारा कल डिस्कच्या कडेपर्यंत वाढत जातो, व काही हजार किलोमीटरनंतर पेडलला थरथर जाणवू लागते. नव्या डिस्कवरील संरक्षक तेल ब्रेक क्लीनरने पुसले जाते. मार्गदर्शक पिनांना उष्णतेत टिकणारे, रबराला अपाय न करणारे ग्रीस लावतात. पॅडच्या घर्षणपृष्ठावर किंवा डिस्कवर ग्रीसचा अंशही लागू दिला जात नाही. सर्व बोल्ट पुस्तिकेतील मापानुसार टॉर्क पान्याने आवळले जातात. कमी आवळलेला बोल्ट सुटू शकतो, तर प्रमाणाबाहेर आवळलेल्याचे आटे ताणले जातात.

पेडल व चाचणी: पिस्टन मागे नेल्यामुळे पॅड व डिस्क यांच्यात मोकळे अंतर राहते आणि पहिल्यांदा पेडल थेट खालपर्यंत जाते. म्हणून मोटार हलविण्यापूर्वी पेडल घट्ट लागेपर्यंत ते अनेकदा सावकाश दाबले जाते. ही पायरी विसरल्यास पार्किंगमधून निघतानाच मोटार न थांबण्याचा धोका असतो. त्यानंतर ऑइलची पातळी पाहिली जाते, हँडब्रेकचे अंतर जुळविले जाते किंवा विद्युत हँडब्रेक दुरुस्ती-स्थितीतून बाहेर आणला जातो. शेवटी मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगापासून पूर्ण न थांबता काही वेळा हळुवार ब्रेक लावून पॅडद्रव्याचा समान थर डिस्कवर बसू दिला जातो. हा थर बसेपर्यंत ब्रेकची पकड कमी असू शकते.

धोके व मर्यादा

पॅडच्या भुकटीत बारीक धातुकण असतात आणि जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉसही असू शकते. त्यामुळे ती हवेने उडविली जात नाही, ओल्या फडक्याने टिपली जाते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट ४ प्रकारच्या ऑइलचा किमान उत्कलनबिंदू नवे असताना २३० अंश सेल्सिअस असतो, तर ओलावा शोषलेल्या स्थितीसाठी तो १५५ अंशांपर्यंत खाली ठरविलेला आहे. म्हणून ऑइलचा उघडा राहिलेला डबा पुन्हा वापरत नाहीत.

काम पूर्ण झाल्यावर पेडल मऊ लागणे, ऑइल गळणे, चाक मोकळे न फिरणे किंवा इशाऱ्याचा दिवा न विझणे यांपैकी काहीही आढळल्यास मोटार रस्त्यावर नेऊ नये, तर ती जागेवरच प्रशिक्षित मेकॅनिककडून तपासून घ्यावी, असा संकेत आहे.

भोसरी व परिसर

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या (एमआयडीसी) भोसरी क्षेत्रात मोटार उद्योगासाठी सुटे भाग बनविणारे आणि लेथकाम, मिलिंग व घासकाम करणारे अनेक लघुउद्योग आहेत. इटलीतील ब्रेम्बो या कंपनीचा दुचाकींचे ब्रेक तयार करणारा कारखाना चाकण परिसरात आहे. पुणे–नाशिक रस्त्यावर भोसरी येथे सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट (सीआयआरटी) ही १९६७ मध्ये स्थापन झालेली संस्था आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ नुसार वाहनांची चाचणी करण्यास अधिकृत असलेल्या संस्थांमध्ये सीआयआरटी आणि पुण्यातीलच ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय) या दोहोंचा समावेश होतो.

पुणे शहरातील नाना पेठ ही वाहनांच्या सुट्या भागांची परिचित बाजारपेठ आहे. खुल्या बाजारातून पॅड घेताना वेष्टनावरील भाग-क्रमांक मोटारीच्या प्रारूपाशी आणि निर्मितीवर्षाशी ताडून पाहणे आवश्यक ठरते, कारण एकाच नावाच्या मोटारीत वर्षानुसार कॅलिपर बदललेले असू शकते. चाचणी संस्थेचे प्रमाणपत्र वाहनाच्या किंवा सुट्या भागाच्या नमुन्यास मिळते. घरी किंवा गॅरेजमध्ये केलेली जोडणी त्या चाचणीच्या कक्षेत येत नाही. तिची शहानिशा बोल्ट आवळणाऱ्या व्यक्तीलाच करावी लागते.

हे सुद्धा पहा

ड्रम ब्रेक
अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टम
पास्कलचा नियम
पिंपरी-चिंचवड
चाकण