ओढ्यातले बिनकण्याचे (लेखांक ९) : आधी गोगलगायीला झोपवा

खेकड्यांचा वायदा केला होता, तो पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहे. मध्येच एक पत्र आलं, आणि त्यातला प्रश्न खेकड्यांच्या आधीच निकालात काढलेला बरा.

पत्र आहे बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातल्या एका विद्यार्थिनीचं. प्रकल्पासाठी तिनं आणि तिच्या मैत्रिणींनी जुन्नर-आंबेगावातलं बरंच पाणी धुंडाळलं : मीना नदीवरचा एक केटी बंधारा, घोडचा काठ, कालव्याची चारी, कुणाचं तरी शेततळं. गोगलगायी मिळाल्या पसाभर. जागेच्या चिठ्ठ्या पेन्सिलीनं लिहून बाटलीच्या आतच टाकल्या, म्हणजे मागचे दोन लेखांक कुणीतरी वाचले म्हणायचे. मग प्रयोगशाळेच्या कपाटातलं फॉर्मॅलिन त्यावर ओतलं आणि तोंडी परीक्षेच्या तोंडावर बाटल्या उघडल्या. शंखांची चकाकी गेलेली, वरचा थर खडूसारखा बोटाला लागतोय, आणि प्राणी इतका आत ओढला गेलेला की सुईनंही निघेना. सर म्हणतात जातीपर्यंत ओळखा. आता कशावरून ओळखू, असं ती विचारते.

शंखावरून थोडंफार जमेल, तेही सांगतो. पण गोगलगाय कशी मेली यावरच ती पुढे ओळखता येणार की नाही, हे निम्मंअधिक ठरलेलं असतं. आपल्याकडे प्रकल्पाच्या वहीत 'संकलन', 'जतन', 'वर्गीकरण' अशी तीन वेगळी प्रकरणं पाडायची पद्धत आहे. त्यामुळे मुलांना वाटतं की बाटलीचं झाकण लागलं की एक काम संपलं आणि पुस्तक उघडलं की दुसरं सुरू झालं.

आधी फॉर्मॅलिनचं बघू. बाजारात मिळतं ते फॉर्माल्डिहाइडचं ३७ ते ४० टक्क्यांचं द्रावण. ते जुनं झालं, त्याला हवा लागली, की त्यात हळूहळू फॉर्मिक आम्ल तयार होतं. शंख म्हणजे जवळपास सगळा कॅल्शियम कार्बोनेट, आम्लात तो झिजायचाच. मासा, बेडूक, गांडूळ यांच्या बाटल्या वर्षानुवर्षं फॉर्मॅलिनमध्ये टिकलेल्या मुलांनी पाहिलेल्या असतात, म्हणून गोगलगाईलाही तोच न्याय लावला जातो. अगदी दुसरं काही हाताशी नसेल तर बोरॅक्स घालून आम्ल मारता येतं, पण तो तात्पुरता इलाज. शिवाय हे रसायन कर्करोगकारक ठरलेलं आहे. बंद खोलीत, उघड्या हातांनी, डोळे चोळत ते ओतणारी मुलं पाहिली की माझा जीव खालीवर होतो.

गोगलगाईला लागतं ७० टक्के अल्कोहोल. ९५ टक्क्यांचं स्पिरिट ७० मिलिलिटर घ्यायचं आणि पाणी घालून ९५ मिलिलिटर करायचं, इतका सोपा हिशेब. कॉलेजात स्पिरिटच्या बाटलीला कुलूप असतं, कारण तिचा हिशेब उत्पादन शुल्क खात्याला द्यावा लागतो. शाळेतल्या मुलांना तर ते मिळणारच नाही. त्यांनी औषधाच्या दुकानातून ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणावं, शालेय संग्रहाला ते चालतं. करोनाच्या दिवसांतला उरलेला सॅनिटायझर वापरू का, असं बरेच जण विचारतात. पाण्यासारखा पातळ असेल तर नाइलाजानं वापरा. जेलीसारखा असेल तर दाराच्या कड्या पुसायला ठेवा.

पण जिवंत गोगलगाय थेट अल्कोहोलमध्ये टाकली तर ती काय करील? अंग चोरून आत जाईल, झाकण असेल तर ते लावून घेईल आणि तशीच मरेल. म्हणून आधी तिला गुंगी आणायची. त्यासाठी लागतं मेन्थॉल, म्हणजे काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारं पुदिन्याचं फूल. अमृतधारेत ओव्याचं फूल आणि कापराबरोबर पडतं तेच. रुंद तोंडाची बरणी घ्या. ज्या ओढ्यातली गोगलगाय, त्याच ओढ्याचं पाणी उकळून पूर्ण थंड केलेलं, काठोकाठ भरा. उकळल्यानं पाण्यातला प्राणवायू निघून जातो आणि गोगलगाय आपणहून बाहेर पसरते. ती नीट पसरून चालायला लागली की पुदिन्याच्या फुलाचे चारदोन खडे चुरून पाण्यावर सोडा, वर काच ठेवा आणि रात्रभर बरणीला हात लावू नका. सकाळी स्पर्शकाला सुईचं टोक लावून पाहा. आक्रसली तर अजून थांबायचं. झाकणवाल्या गोगलगायी चिवट असतात, त्यांना दुपारही होते. हलली नाही की मग अल्कोहोल, तेही पायरीपायरीनं : ३० टक्के, ५० टक्के, ७० टक्के, प्रत्येकात काही तास. दोनेक दिवसांनी शेवटचं अल्कोहोल बदला, कारण प्राण्याच्या अंगातलं पाणी उतरून ते पातळ झालेलं असतं. बाटलीत प्राणी पाव भागापेक्षा जास्त नकोत. लोणच्यासारखी ठासून भरलेली बाटली दिसायला भारी दिसते, आणि महिन्यात कुजते.

एवढा खटाटोप कशासाठी, ते बंधाऱ्यातल्या सर्वांत साध्या गोगलगाईवरून सांगतो. बेलामिया बेंगालेन्सिस. हल्ली काही जण तिला फिलोपालुडिना म्हणतात, नावाचा वाद त्यांच्यावर सोपवू. अंगठ्याच्या पेराएवढी, हिरवट-तपकिरी, अंगावर गडद रेघा, तोंडाला शिंगासारखं पातळ झाकण. केटी बंधाऱ्याच्या दगडांवर, गाळात, कुठेही सापडते. आता गुंगीत पसरलेली बेलामिया भिंगाखाली धरा आणि डोक्यावरचे दोन स्पर्शक बघा. दोन्ही सारखे, निमुळते असतील तर मादी. उजवा आखूड, जाड आणि टोकाशी बोथट असेल तर नर, कारण त्या स्पर्शकाचंच त्याचं संभोगाचं इंद्रिय झालेलं असतं. आत ओढून मेलेल्या गोगलगाईत यातलं काहीही दिसत नाही. मादी असेल तर पुढे आणखी गंमत आहे. बेलामिया अंडी घालत नाही. तिचं अंग शंखातून सोडवून पिशवी उघडली तर आत लहानमोठी पिल्लं असतात, प्रत्येकाला स्वतःचा शंख, स्वतःचं झाकण. मोठी पिल्लं पिशवीच्या तोंडाशी, बारीक आतल्या बाजूला. ही पिल्लं वेगळ्या लहान बाटलीत ठेवा आणि आईच्या बाटलीचाच क्रमांक पिल्लांच्या चिठ्ठीवर घाला.

लिम्निया आणि फायसा यांचंही तसंच. जिवंतपणी लिम्नियाचे स्पर्शक चपटे, त्रिकोणी दिसतात आणि फायसाचे दोऱ्यासारखे. एकदा पाहिलं की पुस्तक उघडावं लागत नाही.

आता त्या विद्यार्थिनीच्या हातात जे उरलंय, त्याचं काय करायचं? शंख असा धरा की टोक वर आणि तोंड तुमच्याकडे. तोंड उजवीकडे उघडत असेल तर उजवा, डावीकडे तर डावा. उजवा, पातळ, मोठ्या तोंडाचा आणि बिनझाकणाचा असेल तर लिम्निया. तसाच पण डावा असेल तर फायसा. ही मूळची उत्तर अमेरिकेची पाहुणी, गावाखालच्या सांडपाण्यात मजेत राहते. गुंडाळलेल्या चकतीसारखा, रुपयाएवढा किंवा त्याहून लहान असेल तर इंडोप्लॅनॉर्बिस. हिच्या रक्तात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, जिवंत असताना डिवचली तर लालसर थेंब येतो. झाकण असेल तर गणित बदलतं. ते जाड, चुन्याचं आणि शंख लिंबाएवढा, गोल असेल तर पिला. पातळ, शिंगासारखं आणि शंख फुगीर असेल तर बेलामिया. शंख लांब, मळसूत्रासारखा उंच असेल तर मेलानॉइडिस किंवा तिच्या चुलत बहिणी, आणि तिथे माझा सल्ला असा की कुळाच्या नावावर थांबा.

थांबण्याबद्दल थोडं बोलतो, कारण यावरून माझी काही शिक्षकमित्रांशी वादावादी झालेली आहे. 'जातीपर्यंत ओळखा' हा आग्रह चुकीचा आहे. मुलं मोबाइलवर फोटो जुळवतात आणि ॲक्युमिनाटा, ल्युटिओला अशी नावं ठोकून देतात. 'लिम्निया, जात अनिश्चित' असं लिहिणाऱ्या मुलाला पूर्ण गुण द्यावेत आणि अंदाजानं जात लिहिणाऱ्याचे कापावेत, असं माझं मत आहे. ज्यांना पुढे जायचंच आहे त्यांच्यासाठी सुब्बा राव यांचं भारतातल्या गोड्या पाण्यातल्या मृदुकाय प्राण्यांवरचं १९८९चं पुस्तक आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. तिथे नमुने ताडून पाहायला जायचं असेल तर आधी पत्र लिहून विचारा, आणि जाताना जागेची चिठ्ठी नसलेली बाटली नेऊ नका.

आता एक गोगलगाय, जी त्या मुलींच्या यादीत नाही. माझी खात्री आहे की ती त्यांच्या पाण्यात होती आणि त्यांनी ती पाहून सोडली. तिचं नाव फेरिसिया. शंख जेमतेम तीन-चार मिलिमीटर, पीळ नाही, नुसती टोपी. बुडालेल्या पानाच्या खालच्या बाजूला, दगडाला, कमळाच्या देठाला चिकटून बसते. खवला किंवा एखादं बी समजून सगळे ती पुसून टाकतात.

या टोपीची गोष्ट महाराष्ट्रातलीच आहे. लघवीतून रक्त जाण्याचा, शिस्टोसोमा या कृमीचा रोग इजिप्त आणि आफ्रिकेतला म्हणून पुस्तकांत शिकवला जायचा. १९५२ साली गाडगीळ आणि शहा या संशोधकांनी दाखवून दिलं की रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात माणसांना तो आहे. मग प्रश्न आला की हा कृमी वाढतो कुठल्या गोगलगाईत? आफ्रिकेत तो ज्या बुलायनस गोगलगायींत वाढतो, त्या इथे नव्हत्याच. बोट गेलं ते फेरिसिया टेन्यूइसकडे. म्हणजे इथे कळीची ठरली ती सगळे पुसून टाकतात तीच टोपी. ओढ्यातलं पान उलटून पाहायला विसरायचं नाही, हे मी गिमवीमुळे सांगतो.

आणि गुरांच्या बाबतीत तर गिमवीपर्यंत जायलाही नको. इंडोप्लॅनॉर्बिसमध्ये शिस्टोसोमा नेझेल वाढतो, तो गुरांच्या नाकात गाठी करतो आणि जनावर घोरायला लागतं. लिम्नियात लिव्हर फ्लूक वाढतो. आंबेगावच्या पश्चिमेला भातखाचरांत गुडघाभर चिखलात उभं राहिल्यावर पायांना जी खाज सुटते, तिचं एक कारण गुरांचेच असे कृमी असू शकतात. ते गोगलगाईतून सुटतात आणि चुकून माणसाच्या कातडीत शिरतात. माणसात ते वाढत नाहीत, तिथेच मरतात, पण खाज देऊन जातात. गोगलगायी गोळा करायला उतरणाऱ्यांनी गमबूट घालावेत, आणि नसतील तर बाहेर आल्यावर पाय लगेच फडक्यानं खसखसून कोरडे करावेत.

नुसते शंख हवे असतील, प्रदर्शनाच्या पेटीसाठी, तर वेगळी रीत आहे. गोगलगाय उकळत्या पाण्यात अर्धा-एक मिनिट धरायची, वाकवलेल्या टाचणीनं अंग पकडायचं आणि ओढण्याऐवजी शंखाच्या पिळाच्या दिशेनं शंखच फिरवायचा. अंग सलग बाहेर येतं. ओढलं की तुटतं आणि आत राहिलेला तुकडा पेटीभर वास सोडतो. झाकण फेकू नका. शंखाच्या तोंडात कापसाचा बोळा बसवून त्यावर गोंदानं चिकटवा. शिंपल्यांसाठी इतकं करावं लागत नाही : मरताना दोन झाकणांमध्ये आगपेटीची काडी अडकवली की अल्कोहोल आत पोहोचतं.

जागेबद्दल एक इशारा. भीमाशंकर अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय गोगलगाय सोडा, तिचा रिकामा शंखही उचलायचा नाही. हद्दीबाहेर बंधारे, चाऱ्या आणि तळी हवी तेवढी आहेत. आणि एका जागेवरून एका प्रकारच्या पाच-सहा गोगलगायी पुरतात, पसाभर लागत नाहीत.

पुढच्या आठवड्यात खेकडे, नक्की. त्यात कर्नल साईक्स येतील. दख्खनच्या खेकड्यांवर त्यांनी १८३६ साली लिहिलं, आणि जुन्नरच्या लेण्यांतल्या शिलालेखांच्या नकला प्रसिद्ध करणारेही तेच. तोवर कुणी खेकडा पकडलाच तर तो जिवंत स्पिरिटमध्ये टाकू नका, पाय झटकून टाकतो आणि बाटलीत सुटे भाग उरतात. ओल्या फडक्यात गुंडाळून आधी फ्रिजमध्ये गार करा, पुरता निपचित झाल्यावर अल्कोहोल. नर आणा, कारण जात ठरते ती नराच्या पोटाखालच्या पहिल्या जोडीच्या अवयवांवरून. मादीच्या पोटाखाली पिल्लं दिसली तर जिथून उचलली त्याच दगडाखाली सोडून द्या.