अर्ध्या मिलिमीटरचं भोक

अमेरिकेत विकल्या गेलेल्या टोयोटाच्या अनेक पेट्रोल गाड्या बंद केल्यावर साधारण पाच तासांनी आपणहून जाग्या होतात. मालक झोपलेला असतो, इंजिन थंड पडलेलं असतं, आणि मागच्या बाजूचा एक छोटा विजेचा पंप काही मिनिटं चालून थांबतो. तेवढ्यात गाडीने स्वतःची टाकी, नळ्या आणि झाकण तपासलेलं असतं. कुठून पेट्रोलची वाफ निसटते आहे का, हे तिला पाहायचं असतं. पकडायचं भोक असतं अर्ध्या मिलिमीटर व्यासाचं!

एवढी दक्षता कशासाठी? पेट्रोल उभ्या गाडीतही उडतच असतं. १९४३ च्या जुलैत लॉस एंजेलिसवर डोळे चुरचुरवणारं धुरकं उतरलं, तेव्हा लोकांना जपानी विषारी वायूचा संशय आला होता. खरं कारण १९५० च्या सुमारास आरी हागेन-स्मिट यांनी दाखवून दिलं. हे मूळचे डच रसायनशास्त्रज्ञ तोवर अननसाच्या स्वादाचा अभ्यास करत होते. न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो, हे त्यांनी सिद्ध केलं. त्या काळी टाकीचा श्वास थेट हवेत सुटे. कॅलिफोर्नियाने १९७० च्या मॉडेलांपासून आणि उरलेल्या अमेरिकेने पुढच्याच वर्षी तो बांधून घालायला लावला.

बांधला तो कोळशाने. सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅममध्ये सूक्ष्म छिद्रांचा मिळून सुमारे हजार चौरस मीटर पृष्ठभाग असतो. टाकीतली वाफ कॅनिस्टर नावाच्या डब्यातल्या या कोळशाला चिकटून राहते. गाडी चालू झाली की पर्ज व्हॉल्व्ह उघडतो, इंजिन ती वाफ ओढून घेतं आणि जाळतं. वाया जाणारं इंधन कामी लागतं. मला ही योजना मोटारीतल्या सर्वांत सुंदर योजनांपैकी एक वाटते.

पण रबरी नळीला एक चीर गेली की सगळं फुकट. म्हणून १९९६ पासून अमेरिकी गाड्यांच्या संगणकावर गळती शोधण्याचं काम आलं. आधी मर्यादा एक मिलिमीटरची होती. २००० पासून कॅलिफोर्नियाने ती टप्प्याटप्प्याने निम्मी केली. आता मोजायचं कसं? पंपवाल्या पद्धतीत उत्तर फार देखणं आहे. पंपातच बरोबर अर्ध्या मिलिमीटरचं एक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. पंप आधी त्या भोकातून हवा ओढतो आणि दाब किती घटला ते संगणक लक्षात ठेवतो. मग झडप फिरते आणि तोच पंप टाकीकडची हवा ओढू लागतो. या खेपेला दाब आधीइतका घटला नाही, तर टाकीकडे त्याहून मोठं भोक आहे हे नक्की. हवेचा दाब, पंपाचं वय, उंची असल्या गोष्टींचा फरक दोन्ही मापांत सारखाच येतो, म्हणून निकाल भरवशाचा.

जनरल मोटर्सच्या बऱ्याच गाड्यांत पंपही लागत नाही. गाडी बंद केली की बाहेरच्या हवेकडे उघडणारा व्हेंट बंद होतो. तापलेल्या टाकीत दाब चढतो, पुढे ती निवताना उतरतो. दाब पुरेसा चढला-उतरला नाही, तर गळती आहे. टाकी अगदी भरलेली किंवा रिकामी असेल, तर ही चाचणी होत नाही.

दोष पुन्हा दिसला की चेक इंजिनचा दिवा लागतो. पी०४५६ हा कोड अतिसूक्ष्म गळतीचा. पण जागा कुठली, हे संगणक सांगत नाही. तिथे मेकॅनिक धुराचं यंत्र जोडतो. खनिज तेल तापवून केलेला पांढरा धूर जेमतेम अर्ध्या पीएसआयच्या दाबाने नळ्यांत सोडायचा आणि टॉर्च घेऊन तो कुठून बाहेर येतो ते पाहायचं. टायरमध्ये आपण तीसच्या आसपास पीएसआय भरतो. गॅरेजमधल्या कॉम्प्रेसरची हवा इथे कधीच लावू नये, टाकी फुटेल.

भारतातही पेट्रोल गाडीला प्रमाणित चाचणीत २ ग्रॅमपेक्षा जास्त वाफ सोडायची मुभा नाही. त्यामुळे कॅनिस्टर इथल्या गाड्यांतही असतो, म्हणून पेट्रोल पंपावर नोझल आपोआप बंद झालं की आणखी पेट्रोल कोंबू नका. ते कॅनिस्टरमध्ये शिरून कोळसा निकामी करतं. झाकण खट् वाजेपर्यंत फिरवा, त्याचं रबर चिरलं असेल तर बदला. आणि उभ्या गाडीला पेट्रोलचा वास येत असेल, तर ती तपासून घ्या.