प्रवाशांसाठी बांधलेले जहाज मुंबईत आले ते तार घेऊन

एकोणिसाव्या शतकातील सर्वांत मोठे जहाज पूर्वेकडील देशांपर्यंत हजारो प्रवासी नेण्यासाठी बांधण्यात आले होते. प्रत्यक्षात ‘ग्रेट ईस्टर्न’ने या मार्गावर एकाही प्रवासी फेरीसाठी शीड उभारले नाही की बॉयलर पेटवला नाही. हे जहाज भारताच्या किनाऱ्यावर आले ते १८७० च्या जानेवारीत. आणि तेव्हा त्याच्या पोटात प्रवाशांऐवजी हजारो मैल लांबीची समुद्री तार गुंडाळून ठेवलेली होती. मुंबई आणि लंडन यांना समुद्रमार्गे जोडणाऱ्या तारेचा सर्वांत लांब व अवघड टप्पा याच जहाजाने टाकला.

ब्रिटिश अभियंता इझंबार्ड किंगडम ब्रुनेल याने हे जहाज एका साध्या हिशेबावर बेतले होते. त्या काळातील आगबोटींना भारत किंवा ऑस्ट्रेलियाच्या प्रवासात वाटेतल्या बंदरांवर पुनःपुन्हा कोळसा भरावा लागे आणि तो कोळसाही इंग्लंडमधूनच तेथे पोहोचवावा लागे. जहाजाची लांबी, रुंदी व उंची दुप्पट केल्यास त्याची साठवणक्षमता आठपट होते. पाण्याचा विरोध मात्र सुमारे चौपटच वाढतो. म्हणजे जहाज पुरेसे मोठे केले, तर जाण्यायेण्याचा सगळा कोळसा त्यातच मावेल, हे ब्रुनेलचे गणित होते आणि ते बरोबर होते. या गणितातून ६९२ फूट लांबीचे, सहा डोलकाठ्या व पाच धुराड्यांचे, दोन्ही बाजूंना पात्यांची प्रचंड चाके आणि मागे प्रोपेलर असलेले लोखंडी जहाज टेम्स नदीकाठी उभे राहिले. त्यात सुमारे चार हजार प्रवाशांची सोय होती. लांबीच्या बाबतीत १८९९ पर्यंत कोणत्याही जहाजाला त्याला मागे टाकता आले नाही.

व्यवहाराने मात्र गणिताला साथ दिली नाही. नोव्हेंबर १८५७ मध्ये सुरू झालेले जलावतरण ३१ जानेवारी १८५८ पर्यंत रखडले आणि त्यात मूळ कंपनीची तिजोरी रिकामी झाली. सप्टेंबर १८५९ मध्ये चाचणी सफरीत स्फोट होऊन कोळसा टाकणारे कामगार दगावले. त्यानंतर काही दिवसांतच ब्रुनेलचेही निधन झाले. नव्या मालकांनी जहाज पूर्वेकडे न पाठवता न्यूयॉर्कच्या मार्गावर लावले. तेथे कोळशाचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे जहाजाचा मुख्य गुण निरुपयोगी ठरला. १८६० च्या पहिल्या फेरीत भाडे भरणारे प्रवासी अवघे ३५ होते.

बांधणीत मात्र खोट नव्हती. ऑगस्ट १८६२ मध्ये न्यूयॉर्कजवळ पाण्याखालच्या खडकावर आपटून त्याच्या बाहेरील कवचाला ८० फुटांहून लांब चीर पडली, तरी आतले दुसरे कवच शाबूत राहिल्याने ते स्वबळावर बंदरात पोहोचले. पन्नास वर्षांनी बुडालेल्या ‘टायटॅनिक’ला असे दुहेरी कवच फक्त तळाशी होते.

अखेर १८६४ मध्ये हे जहाज लिलावात अवघ्या २५ हजार पौंडांना विकले गेले आणि त्याचे दैव पालटले. अटलांटिक महासागरात तार टाकणाऱ्यांना नेमके असेच जहाज हवे होते. १८५८ च्या प्रयत्नात संपूर्ण तार एका जहाजात मावत नसल्याने ती दोन जहाजांत विभागून भर समुद्रात जोडावी लागली होती. ‘ग्रेट ईस्टर्न’मधील काही दालने मोडून तीन अवाढव्य टाक्या बसवण्यात आल्या आणि सुमारे २,६०० मैलांची सगळी तार एकट्या जहाजात मावली. चाके आणि प्रोपेलर यांची इंजिने स्वतंत्र असल्याने ते सावकाश, हवे तसे वळवता येई. १८६५ मध्ये तार तुटली. १८६६ मध्ये मात्र युरोप व अमेरिका कायमचे जोडले गेले.

पुढचे लक्ष्य भारत होते. १८६५ पासून इराणचे आखात व तुर्कस्तानमार्गे तारसेवा सुरू होती, पण इंग्रजी न जाणणाऱ्या कारकुनांच्या हातून जाणारे संदेश अनेक दिवस रेंगाळत आणि पुष्कळदा वाचता येणार नाहीत इतके विद्रूप होऊन पोहोचत. १८५७ च्या उठावाची बातमी लंडनला कळण्यास काही आठवडे लागले होते, हा अनुभव ब्रिटिश राज्यकर्ते विसरले नव्हते. लिव्हरपूलमधील कापसाचा भाव मुंबईच्या व्यापाऱ्यांनाही वेळेवर हवा होता. रॉयटर वृत्तसंस्थेने १८६६ मध्येच मुंबईत कार्यालय थाटले होते.

नोव्हेंबर १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला. कालव्याच्या तळाची रुंदी सुमारे २२ मीटर, तर चाकांसह जहाजाची रुंदी ३५ मीटरांहून अधिक. साहजिकच त्याला आफ्रिकेला वळसा घालून यावे लागले. पूर्वेच्या ज्या लांबच्या वाटेसाठी ते बांधले होते, ती वाट त्याने पहिल्यांदा कापली, तीही नेमकी कालव्याने ती कालबाह्य ठरवली तेव्हा. तारेवरील गटापर्चाचे आवरण उष्णतेने मऊ पडते, म्हणून तार पाण्याने भरलेल्या टाक्यांत ठेवली होती आणि उन्हाचा ताप कमी व्हावा यासाठी संपूर्ण जहाजाला पांढरा रंग दिला होता. हा गटापर्चा मलायातील झाडांच्या चिकापासून मिळे आणि त्यासाठी झाडेच तोडली जात. जगभरातील तारांची ही किंमत तेथील जंगलांनी मोजली.

१४ फेब्रुवारी १८७० रोजी मुंबईहून काम सुरू झाले. कॅप्टन रॉबर्ट हालपिन यांच्या नेतृत्वाखाली दोनेक आठवड्यांतच जहाज एडनजवळ पोहोचले. तांबड्या समुद्रातील तार इतर जहाजांनी टाकली. जूनमध्ये जिब्राल्टर, माल्टा, अलेक्झांड्रिया, सुएझ व एडनमार्गे लंडन-मुंबई साखळी पूर्ण झाली आणि संदेश काही तासांत पोहोचू लागला. दर इतके चढे होते की व्यापाऱ्यांनी एका शब्दात अख्खे वाक्य बसवणाऱ्या सांकेतिक शब्दांचे कोश वापरले. सत्तेचा तोलही बदलला. आधी निर्णय घेऊन मग लंडनला कळवणाऱ्या व्हाइसरॉयला आता तेथील मंत्र्याच्या तारेची वाट पाहावी लागे.

तार टाकण्यासाठीच बांधलेली ‘हूपर’ व ‘फॅरडे’ ही जहाजे १८७३-७४ मध्ये समुद्रात उतरली आणि ‘ग्रेट ईस्टर्न’चे कामही संपले. शेवटच्या वर्षांत लिव्हरपूलच्या एका दुकानाची तरंगती जाहिरात म्हणून ते वापरले गेले आणि १८८८ मध्ये भंगारात निघाले. त्याच्या एका डोलकाठीचा वरचा भाग लिव्हरपूल फुटबॉल क्लबच्या अ‍ॅनफिल्ड मैदानावर ध्वजस्तंभ म्हणून उभा आहे.