औषधानेंच चिघळणारी जखम

उसाच्या पात्याची धार ज्यानें अनुभविली आहे त्यास ती वेगळी सांगावी लागत नाहीं. अहिल्यानगर जिल्ह्यांत (२०२४ पर्यंत यास अहमदनगर म्हणत) ऊसतोडीच्या हंगामांत हातापायांना चिरा पडणें हें रोजचेंच. जखम धुवावयाची व जवळचें मलम लावावयाचें, हा परिपाठ जसा तोडणीवाल्यांच्या कोपीवर, तसाच शहरांतील सुशिक्षित घरींही. बहुतेकांस त्याचा गुण येतो. परंतु क्वचित् असें घडतें कीं, मिटूं लागलेल्या जखमेभोंवतीं आठवड्या-दोन आठवड्यांनीं कातडी लाल होते, खाज सुटते, बारीक फोड येतात, लस गळूं लागते. घरचे म्हणतात, जखम चिघळली. आणि मलमाचा थर दुप्पट जाड होतो. वास्तविक रोग त्या थरांतच असतो.

वैद्यकशास्त्र यास संपर्कजन्य ॲलर्जी म्हणतें. नांव नवें असलें तरी गोष्ट महाराष्ट्रास अपरिचित नाहीं. भेगाळलेल्या टांचेस बिब्बा लावण्याची चाल जुनी, आणि ‘बिब्बा उतला’ हा शब्दप्रयोगही घरोघर रूढ. एकास मानवणारा बिब्बा दुसऱ्याच्या अंगावर उततो, हें आजीबाईंस ठाऊक होतें. धोबी बिब्ब्याच्या रसानें कपड्यांवर खुणा करीत. दुसऱ्या महायुद्धांत हिंदुस्थानांत आलेल्या परदेशी सैनिकांच्या अंगावर नेमके त्या खुणांखालीं फोड उठले, व १९४३ सालीं त्याची वैद्यकीय नोंद झाली.

औषधाचा सूक्ष्म कण कातडींत शिरून शरीराच्याच प्रथिनास चिकटतो. तेथें पॉल लँगरहान्स यानें १८६८ सालीं वर्णिलेल्या पेशी पहाऱ्यावर असतात. त्या ही परकी जोडी लसिकाग्रंथींत नेऊन टी पेशींस तिची ओळख पटवितात. या शिकवणीस दहा-पंधरा दिवस लागतात. म्हणून आरंभीं कांहींच बिघडत नाहीं, आणि संशयही मलमावर जात नाहीं. एकदां पटलेली ओळख मात्र वर्षानुवर्षें टिकते. पुढें तेंच औषध लागतांच एक-दोन दिवसांत उठाव होतो. फाटलेली कातडी औषधास आंत वाट देते, म्हणून जखमेचींच औषधें या बाबतींत अधिक बदनाम.

त्यांत नायट्रोफ्युराझोन व निओमायसिन हीं प्रमुख होत. सोफ्रामायसिन मलमांतील फ्रामायसेटिन म्हणजे निओमायसिनचाच एक घटक. तेव्हां एक मलम टाकून दुसरें घेतलें तरी शत्रु तोच राहण्याचा संभव! क्लोरहेक्सिडिन, पोव्हिडोन आयोडीन, डेटॉलांतील क्लोरोझायलेनॉल यांचीही ॲलर्जी होते, पण कमी जणांस. डेटॉल पाणी न घालतां चोळल्यानें होणारी आग ही बहुधा ॲलर्जी नव्हेच. तें भाजल्यासारखें असून कोणासही होऊं शकतें.

निदानाची रीत योझेफ याडासोन यानें १८९५ सालीं मांडली. त्याच्यापुढील प्रश्नही औषधाचाच, पाऱ्याचा होता. संशयित द्रव्यें पाठीवर पट्ट्यांनीं चिकटवून ४८ तासांनीं काढतात, त्वचा पाहतात, व पुन्हां दोन दिवसांनीं पाहतात. निओमायसिनची खूण कधीं कधीं त्याहूनही उशिरां उमटते. घाईनें ‘कांहीं नाहीं’ म्हणणें धोक्याचें.

तोंवर मलम थांबवावें, जखम स्वच्छ पाण्यानें धुवावी व डॉक्टरांस दाखवावी. ताप, पू, वाढती सूज वा ठणका असल्यास तो जंतुसंसर्ग असूं शकतो. तेथें विलंब नको. मलमाची रिकामी नळी टाकून देऊं नये. डॉक्टरांस तिचें व्यापारी नांव फारसें उपयोगी पडत नाहीं. बारीक अक्षरांत छापलेला घटक पाहावा लागतो, कारण निओमायसिन डोळ्यांच्या व कानांच्या थेंबांतही आढळतें.